मुलांची ऑनलाइन स्पीच थेरपी: पालकांनी ती कशी सुरू करावी आणि कशी चालवावी

ऑनलाइन स्पीच थेरपीची चौकशी करणारे बहुतेक पालक पहिला प्रश्न हाच विचारतात, की आमचे मूल स्क्रीनसमोर अर्धा तास बसेल का. प्रश्न स्वाभाविक असला तरी त्यात एक गैरसमज दडलेला असतो. मूल लहान असेल तर स्क्रीनकडे लक्ष द्यायचे असते ते मुख्यतः पालकाने. थेरपिस्ट पलीकडून पाहतात, ऐकतात आणि काय करायचे ते सांगतात. खेळणे हातात देणे, आपला चेहरा मुलाच्या नजरेसमोर आणणे, शब्द येण्याची वाट पाहणे ही कामे मुलाशेजारी बसलेल्या मोठ्या माणसाची असतात. ही वाटणी पहिल्या दिवशीच मान्य झाली तर ऑनलाइन उपचारांतून पुष्कळ साधते. ती मान्य झाली नाही, तर आठवड्यातला तो अर्धा तास "इकडे बघ, मॅडमकडे बघ" एवढ्यातच संपतो.

पडद्यावरून भाषा शिकता येते का, या शंकेला संशोधनातून बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर मिळते. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सुमारे नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना प्रत्यक्ष माणसाने मँडरिन भाषेत बोलून खेळवले, तेव्हा ती बाळे त्या भाषेतील ध्वनींमधला फरक ओळखू लागली. तीच सामग्री व्हिडिओवर दाखवली तेव्हा काहीही शिकणे झाले नाही. पुढे २०१४ साली दोन ते अडीच वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुले थेट व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदे शिकली, पण आधी चित्रित करून ठेवलेल्या व्हिडिओवरून शिकली नाहीत. पलीकडचा माणूस मुलाच्या हालचालीला त्या क्षणी उत्तर देतो की नाही, यावर सारे अवलंबून असते. म्हणून उच्चार शिकवणारी ॲप्स आणि गाण्यांचे व्हिडिओ यांना थेरपी म्हणता येत नाही, मग त्यांच्या जाहिरातीत काहीही लिहिलेले असो.

आधी कान

थेरपिस्ट शोधण्याच्या आधी मुलाची श्रवण चाचणी करून घ्यावी. ही चाचणी घरबसल्या होत नाही; त्यासाठी ऑडिओलॉजिस्टकडेच, म्हणजे श्रवणतज्ज्ञांकडेच, जावे लागते. "दारावरची बेल वाजली की धावत जाते, म्हणजे ऐकू येतेच" हा युक्तिवाद मी असंख्य वेळा ऐकला आहे आणि तो फसवा आहे. बेलचा आवाज मोठा असतो. मधल्या कानात द्रव साचलेल्या मुलाला बेल ऐकू येते, हाक ऐकू येते, पण बोलण्यातले 'स', 'त', 'फ' यांसारखे हलके ध्वनी आणि शब्दांच्या शेवटची अक्षरे त्याच्यापर्यंत अर्धवट पोहोचतात. मग मूल जसे ऐकते तसेच बोलते. अशा मुलाकडून महिनोन्‌महिने उच्चारांचा सराव करून घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे. चाचणी मूल सांगेल त्यावरच अवलंबून असते असेही नाही. आवाजाला कान आणि मेंदूकडे जाणारी श्रवणाची नस कसा प्रतिसाद देतात हे यंत्राने मोजणाऱ्या ओटोअकूस्टिक एमिशन आणि बेरा या चाचण्या अगदी तान्ह्या बाळाच्याही करता येतात.

कोणत्या वयात काळजी करावी, याची काही ढोबळ चिन्हे आहेत. वर्षाच्या आसपास मूल बोट दाखवत नसेल, हातवारे करत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द आला नसेल, दोन वर्षांनंतरही शब्दसंख्या पन्नासच्या आत असेल किंवा दोन शब्द जोडून बोलणे सुरू झाले नसेल, तिसऱ्या वर्षानंतरही घराबाहेरच्या माणसांना त्याचे बोलणे बहुतांशी कळत नसेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. आलेले शब्द नाहीसे होत असतील, तर वय कितीही असो, आधी बालरोगतज्ज्ञांना भेटावे. त्या वेळी ऑनलाइन थेरपिस्ट शोधत बसू नये. "मुलगे उशिराच बोलतात" आणि "घरात दोन भाषा असल्यामुळे गोंधळ होतो" ही दोन वाक्ये मात्र विसरून जावीत. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही, आणि पालकांनी स्वतःची भाषा सोडून परकी भाषा मोडकीतोडकी बोलायला लागावे असा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

थेरपिस्ट निवडताना

अमेरिकेतील वाचा, भाषा आणि श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २००५ सालीच दूरस्थ पद्धतीने दिलेली सेवा ग्राह्य मानली, पण तिचा दर्जा समोरासमोर दिलेल्या सेवेइतकाच असावा अशी अटही घातली. पालकांनी ही अट ध्यानात ठेवून प्रश्न विचारावेत. पदवी कोणती आहे आणि मूल जिथे राहते तिथे उपचार करण्याचा परवाना किंवा नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. मुलाच्या घरात बोलली जाणारी भाषा थेरपिस्टना येते का, हेही विचारावे. कारण 'गाडी गेला' हे चुकीचे आहे की त्या वयात चालण्यासारखे आहे, हे ती भाषा जाणणाराच सांगू शकतो. पण माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न असा: "सत्र चालू असताना आम्ही नेमके काय करायचे?" "तुम्ही खोलीबाहेर थांबलात तरी चालेल" असे उत्तर चार वर्षांखालच्या मुलाबाबत आले, तर दुसरा थेरपिस्ट पाहावा. इतक्या महिन्यांत मूल बोलू लागेल अशी हमी देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये.

पहिली एक-दोन सत्रे तपासणीत जातात. त्याआधी मुलाचे पाच-सात मिनिटांचे दोन व्हिडिओ करून ठेवावेत: एकात मूल आपल्या मनाने खेळत असावे, दुसऱ्यात घरातल्या माणसाशी बोलत असावे. त्यासाठी मुलाला बोलते करण्याचा प्रयत्न करू नये. नव्या माणसासमोर मूल मिटून बसते. घरच्या व्हिडिओतून थेरपिस्टना जे कळते ते पहिल्या भेटीत क्वचितच कळते. हेच व्हिडिओ पुढे प्रगती मोजायलाही कामी येतात.

खोली, उपकरण आणि आवाज

फोनपेक्षा लॅपटॉप बरा, आणि फोनच वापरायचा असेल तर तो हातात न धरता घट्ट टेकवून ठेवावा. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा; मूल जमिनीवर खेळत असेल तर उपकरणही जमिनीवर आणावे. उजेड समोरून यावा. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या मुलाचा चेहरा काळा दिसतो आणि जीभ-ओठांच्या हालचाली दिसेनाशा होतात. खोलीत दोन-तीनच खेळणी बाहेर ठेवावीत, बाकीची कपाटात.

खरी अडचण आवाजाची असते, म्हणून त्याकडे थोडे बारकाईने पाहू. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्येचा आवाज पोहोचतो, आणि 'स'मधली बहुतेक सुसकार ४००० हर्ट्झच्या वर असते. फोनवर आडनाव सांगताना 'स' म्हणालात की 'फ' असे पुन्हा विचारावे लागते ते यामुळेच. व्हिडिओ कॉलचा आवाज त्यापेक्षा पुष्कळ चांगला असतो, पण त्यात दुसरा अडथळा असतो. हे कार्यक्रम मागचा गोंगाट आपोआप गाळून टाकतात, आणि मुलाने लांबवलेला 'स्स्स' त्यांना पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो. परिणामी मुलाने उत्तम 'स' काढलेला असतो आणि पलीकडे तो विरून जातो. म्हणून उच्चारांवर काम चालू असेल तर गोंगाट गाळण्याची ती सोय बंद करावी; झूमवर त्यासाठी 'ओरिजिनल साउंड' असा पर्याय आहे. अर्थात मग खोलीतला पंखा, टीव्ही आणि शेजारच्या खोलीतला मिक्सरही बंद करावा लागतो. याहून सोपी युक्ती म्हणजे दुसरा फोन मुलाजवळ ठेवून त्यावर आवाज मुद्रित करावा आणि सत्रानंतर थेरपिस्टना पाठवावा. तो आवाज कॉलच्या गाळणीतून गेलेला नसतो, त्यामुळे उच्चाराचा निवाडा त्यावरूनच करणे अधिक भरवशाचे.

आवाज पोहोचायला लागणारा वेळ हाही विचारात घ्यावा. माणसे समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सुमारे ०.२ सेकंदाचे अंतर असते. इंटरनेटवर ते सहज वाढते, आणि मूल व थेरपिस्ट एकमेकांच्या बोलण्यावर चढतात. म्हणून पलीकडच्या माणसाबरोबर एका सुरात गाणे किंवा आकडे म्हणणे ऑनलाइन जमत नाही. तसे काही म्हणायचे असेल तर पालकाने मुलाबरोबर म्हणावे आणि थेरपिस्टनी ऐकावे.

हेडफोन घालायचा की नाही, हे वयावर ठरते. सात-आठ वर्षांच्या मुलाला तो चालतो. त्याहून लहान मुलासाठी स्पीकर बरा, मात्र पालकाच्या एका कानात इअरफोन असला तर थेरपिस्ट मुलाच्या नकळत सूचना देऊ शकतात. त्यासाठी पालकाच्या फोनवरून वेगळा कॉल लावण्याची पद्धत फार सोयीची आहे.

सत्र चालू असताना

एक प्रसंग सांगते. तीन वर्षांचा मुलगा, जेमतेम पंधरा शब्द, समोर चावीची गाडी. वडील मोठ्या उत्साहाने म्हणत होते, "हे काय आहे? गाडी म्हण. म्हण ना, गा-डी." मुलाने पाठ फिरवली. मी वडिलांच्या इअरफोनवर सांगितले, "चावी द्या, पण गाडी सोडू नका. हातात धरून त्याच्याकडे बघा आणि मनात पाचपर्यंत मोजा. काही बोलू नका." त्यांनी चावी दिली. चाके हातातच फिरत राहिली. चौथ्या सेकंदाला मुलगा वळला, गाडीकडे पाहिले, मग वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्यांचा हात ढकलून म्हणाला, "आ." वडील लगेच म्हणाले, "सोड! सोडली गाडी!" आणि गाडी भिंतीपर्यंत धावली. सहाव्या वेळी त्या "आ"चा "छो" झाला. त्या अर्ध्या तासात मुलाने स्क्रीनकडे एकदाही पाहिले नव्हते, आणि माझ्या दृष्टीने ते सत्र उत्तम झाले होते.

पाच सेकंद वाचायला काहीच वाटत नाहीत, पण मुलाशेजारी बसलेल्या बापाला ते फार लांब वाटतात. पालकांना शिकवाव्या लागणाऱ्या गोष्टींत ही वाट पाहणे सर्वांत अवघड आहे. त्याच्या जोडीला प्रश्न कमी करावेत. मूल ज्या वस्तूकडे पाहत आहे तिच्याविषयी साधे, छोटे वाक्य बोलावे. मूल "बॉल" म्हणाले तर "बॉल पडला" किंवा "मोठा बॉल" असा एक शब्द जोडून ते परत द्यावे. ते "गाडी गेला" म्हणाले तर "गेला नाही, गेली म्हण" असे न टोकता "हो, गाडी गेली!" असे म्हणून 'गेली'वर किंचित जोर द्यावा. "पिशवी ठेव" म्हणाले तर "पिशवीत ठेवू" म्हणावे. मराठीत प्रत्यय शब्दाच्या शेवटी येतात आणि घाईच्या बोलण्यात ते गिळले जातात, म्हणून शेवट स्पष्ट ऐकवणे फार महत्त्वाचे असते.

सत्राची लांबी मुलाप्रमाणे ठरवावी. दोन-अडीच वर्षांच्या मुलाबरोबर पंधरा मिनिटे खेळ आणि उरलेला वेळ पालकांशी बोलणे, ही वाटणी अगदी योग्य आहे. फी पूर्ण दिली आणि मूल अर्धाच वेळ होते, असा हिशेब करू नये. मूल उठून गेले तर त्याला ओढून आणू नये. ते जिथे गेले असेल तिथे कॅमेरा वळवावा.

उच्चारांचा सराव

चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलांत काम बदलते. इथे मूल स्वतः थेरपिस्टकडे पाहून शिकते, पण पालक खोलीत हवेच. २७ भाषांमधल्या अभ्यासांचा एक आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार बहुतेक मुलांना पाच वर्षांपर्यंत जवळपास सगळी व्यंजने येतात. तेव्हा तीन वर्षांच्या मुलाला 'र' येत नाही म्हणून घाबरू नये. मात्र पाच वर्षांचे मूल 'क'ऐवजी 'त' म्हणत असेल, काकांना "ताता" म्हणत असेल, तर ते बोबडे बोल गोड वाटत असले तरी कामाला लागावे.

अशा वेळी एकाच ध्वनीने वेगळ्या होणाऱ्या शब्दांच्या जोड्या वापरतात: कार आणि तार, गार आणि दार, 'र' आणि 'ल' साठी राख आणि लाख. दोन्हींची चित्रे काढावीत. आधी थेरपिस्टनी शब्द म्हणावा आणि मुलाने चित्र उचलावे, म्हणजे फरक त्याच्या कानाला कळतो की नाही ते समजते. मग भूमिका बदलाव्यात: मूल सांगेल ते चित्र पालकाने द्यावे. मुलाला कार हवी आहे पण तोंडून "तार" निघाले, तर पालकाने निमूटपणे तारेचे चित्र द्यावे. मूल गोंधळते, चिडते, आणि आपल्या उच्चाराने अर्थ बदलतो हे त्याच्या ध्यानात येते. "चुकले, पुन्हा म्हण" असे दहादा सांगून जे होत नाही ते यातून होते. ही चित्रे स्क्रीनवर दाखवता येतात, पण कागदावरची हातात घेता येणारी चित्रे बरी. ती नंतर घरी राहतात. शिट्टी वाजवणे, गाल फुगवणे, जीभ वर-खाली करणे असे व्यायामच कोणी आठवडेच्या आठवडे देत असेल, तर त्याने नेमका कोणता उच्चार सुधारणार आहे हे जरूर विचारावे.

सराव रोज व्हावा, पण थोडा. रविवारी तासभर बसवण्यापेक्षा दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे जास्त उपयोगी पडतात, आणि ती आंघोळ, कपडे घालणे, शाळेची वाट अशा ठरलेल्या कामांना जोडली तर विसरली जात नाहीत.

अडखळत बोलणाऱ्या मुलांविषयी थोडक्यात. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि पुष्कळ मुलांत तो आपोआप जातो, पण कोणाचा जाईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वाट पाहावी. ऑस्ट्रेलियात विकसित झालेला लिडकोम्ब कार्यक्रम मुख्यतः सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे आणि त्यात उपचार पालकच देतात: रोज बोलण्याला गुण देणे, अडखळल्याशिवाय आलेल्या वाक्यांची सहज दखल घेणे, आणि हे सारे थेरपिस्टच्या मार्गदर्शनाने. त्यामुळे तो व्हिडिओ कॉलवर चांगला चालवता येतो. मात्र तो ऐकीव माहितीवर घरच्या घरी सुरू करू नये.

काय ऑनलाइन होत नाही

गिळताना ठसका लागणे, टाळू दुभंगलेली असल्याने नाकातून येणारा आवाज, तोंडाच्या आतली तपासणी, या गोष्टींसाठी प्रत्यक्ष जावे. नाकातून येणाऱ्या स्वराची पारख तर चांगल्या माइकवरही चुकू शकते. घरात सत्राच्या वेळी मुलाजवळ बसायला कोणीच मोकळे नसेल, तर लहान मुलासाठी ऑनलाइन पर्याय घेऊ नये. एवढ्या एका कारणावरूनही नकार द्यावा असे मला वाटते. महिन्यातून एक प्रत्यक्ष भेट आणि बाकीची सत्रे ऑनलाइन, ही मिश्र पद्धत शक्य असेल तिथे उत्तम. बोलण्याला पूरक म्हणून चित्रफलक किंवा टॅबलेटवरचे संवादाचे साधन सुचवले गेले, तर त्यामुळे बोलणे खुंटेल ही भीती बाळगू नये. तसे होत नाही.

सत्रांचे चित्रण होणार असेल तर ते कुठे साठवले जाते, कोण पाहते आणि कधी पुसले जाते, हे लेखी विचारून घ्यावे. आपल्या मुलाचा 'आधी आणि नंतर'चा व्हिडिओ जाहिरातीसाठी मागितला गेला तर नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार पालकांना आहे, आणि त्या नकारामुळे उपचारांवर परिणाम होता कामा नये.

प्रगती कशी मोजावी, हे पहिल्या महिन्यातच ठरवून घ्यावे. "स्पष्ट बोलायला हवे" हे उद्दिष्ट मोजता येत नाही. "शब्दाच्या सुरुवातीचा 'क' चित्र पाहून दहापैकी आठ वेळा बरोबर" किंवा "खेळताना दिवसभरात दहा वेळा तरी आपणहून दोन शब्द जोडतो" अशी उद्दिष्टे लिहून घ्यावीत. दर महिन्याला, त्याच खोलीत, त्याच खेळण्यांसह पाच मिनिटांचा व्हिडिओ करावा आणि साधारण तीन महिन्यांनी सुरुवातीच्या व्हिडिओशेजारी ठेवून थेरपिस्टबरोबर पाहावा. फरक दिसत नसेल तर उद्दिष्ट, पद्धत, सत्रांचे अंतर किंवा घरचा सराव यांपैकी काय बदलायचे हे त्याच बैठकीत ठरवावे. आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांतही काही हलले नाही, तर जमवलेले सर्व व्हिडिओ घेऊन दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे.